ताश्कंदची बंद झालेली शाळा

डिसेंबर १९१७च्या सुरुवातीला, रशियात नुकतीच सत्ता हाती घेतलेल्या बोल्शेविकांचं शिष्टमंडळ जर्मनांशी बोलणी करायला पेट्रोग्राडहून निघालं. त्यात कामगार होता, सैनिक होता, खलाशी होता. स्टेशनच्या वाटेवर ध्यानात आलं, शेतकरी राहिलाच! रस्त्याने चाललेल्या रोमान स्टाश्कोव्ह नावाच्या म्हाताऱ्याला त्यांनी मोटारीत घेतलं. पुढे बोलणी चालली त्या ब्रेस्ट-लिटोव्स्कला हा म्हातारा बव्हेरियाच्या राजपुत्राच्या पंक्तीला जेवला.

या गोष्टीला लोक हसतात. मला हसू येत नाही. परराष्ट्र व्यवहार ही सरदारांची मिरास आता संपली, असं ती माणसं मनापासून मानत होती. त्याच भावनेने त्यांचा परराष्ट्रमंत्री ट्रॉट्स्कीने झारच्या दप्तरातले गुप्त करार छापून टाकले. तुर्कांचा मुलूख ब्रिटन-फ्रान्सने आपसात कसा वाटून घेतला होता, ते त्यामुळे चव्हाट्यावर आलं.

तोफांपुढे मात्र हे चाललं नाही. १० फेब्रुवारी १९१८ला ट्रॉट्स्कीने ‘युद्धही नाही, तहही नाही’ असं जाहीर केलं. १८ तारखेला जर्मन फौजा चालून आल्या. ३ मार्चला तहावर सही झाली आणि पोलंड, बाल्टिक प्रांत, युक्रेन हातचे गेले. सही कराच म्हणून लेनिन हटून बसला होता. क्रांती जगवायची तर आधी राज्य जगलं पाहिजे, हे त्याचं म्हणणं. पुढचं सारं धोरण याच हट्टातून निघालं.

मॉस्कोतून मग दोन कारभार चालू झाले. कॉमिन्टर्नने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने, जगभर क्रांती पेटवायची आणि चिचेरिनच्या परराष्ट्र खात्याने त्याच जगाशी करारमदार करायचे. १९२१मध्ये दोन्हींची गाठ पडली. जानेवारीच्या अखेरीस तुर्की कम्युनिस्टांचा पुढारी मुस्तफा सुफी साथीदारांसह काळ्या समुद्रात मारला गेला. दोन महिनेही लोटले नाहीत, तोच १६ मार्चला मॉस्कोने अंकाराच्या तुर्की सरकारशी मैत्रीचा करार केला. त्याच दिवशी लंडनला ब्रिटनशी व्यापारी करार झाला. हिंदुस्थान आणि अफगाणिस्तानात ब्रिटिशांविरुद्ध चिथावणी देणार नाही, असं मॉस्कोचं वचन त्यात होतं.

राज्य वाचलं, हे मी नाकारत नाही. पण हिंदी क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय यांनी ताश्कंदला हिंदी तरुणांसाठी काढलेली लष्करी शाळा मला विसरवत नाही. खिलाफतीसाठी घरदार सोडून, अफगाणिस्तानातून डोंगर तुडवत आलेले मुहाजिर तिथे कवायत शिकत होते. लंडनच्या करारानंतर त्याच वर्षी शाळेला कुलूप लागलं. काहींना मॉस्कोच्या विद्यापीठात धाडलं. तिथून मायदेशी परतताना जे पकडले गेले, त्यांच्यातल्या अनेकांना पेशावरच्या खटल्यांत सक्तमजुरी झाली.