भाड्याचं घर, ठाकुरघर आणि मुलुंड

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या फोनमध्ये बंगालबद्दल दोन समजुती हमखास ऐकू येतात. चौतीस वर्षं डाव्यांनी राज्य केलं, म्हणजे इथे कुणी कुणाचा धर्म विचारत नसणार, ही एक. इथे मुसलमानांचे नुसते लाड चालतात, ही दुसरी. ज्यांना असं वाटतं त्यांनी एकदा दक्षिण कोलकात्यात कसबा, संतोषपूर, गरिया या बाजूला दोन खोल्या भाड्याने शोधाव्यात आणि सोबत एखाद्या मुसलमान मित्राला घ्यावं. संध्याकाळपर्यंत दोन्ही समजुती गळून पडतील.

२०११च्या जनगणनेप्रमाणे कोलकाता जिल्ह्यात साधारण पाचांतला एक माणूस मुसलमान आहे. पण भेटतो तो मुख्यतः पार्क सर्कस, राजाबाजार, खिदिरपूर, मेटियाब्रुज अशा ठरावीक वस्त्यांत. ९२-९३च्या दंगलींनंतर मुंब्रा कसं फुगलं हे ज्यांना आठवतं, त्यांना यातलं फार समजावून सांगायला नको. फरक आहे तो नकार देण्याच्या रीतीत. मुंबईत नकार ताटावरून येतो. 'फक्त शाकाहारी' म्हटलं की मुसलमान, ख्रिस्ती, दलित आणि आपला मालवणी माणूस सगळे एकदमच बाहेर, आणि धर्माचं नावही घ्यावं लागत नाही. कोलकात्यात बंगाली घरमालकाला ही सोय नाही. इथला ब्राह्मण इलिश मासा खातो आणि कालीपूजेचा प्रसाद म्हणून मटणही खातो. त्यामुळे नकार द्यायचा तर तोंडावर धर्माचं नाव घेऊनच द्यावा लागतो.

माझी एक सहकारी मुर्शिदाबादची. तिच्याबरोबर मी संतोषपूरला घर बघायला गेले होते. दलालाने फोनवर भाडं आणि अ‍ॅडव्हान्स ठरवून दिला होता. घरमालकीणबाई, म्हणजे मासीमा, सत्तरीच्या, विधवा, मुलगा बंगळूरला. खालच्या मजल्याला वेगळा जिना, वेगळं वीजमीटर. त्यांनी आम्हाला नारळाचे लाडू दिले, दोघींनाही आग्रह करकरून. माझी सहकारी त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत नातवंडांबद्दल बोलत होती. मग मासीमांनी तिचं पूर्ण नाव विचारलं. नाव ऐकून त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "वर ठाकुरघर (देवघर) आहे ग माझं. तू चांगली मुलगी आहेस, पण मनाला पटत नाही." आणि लगेच माझ्याकडे वळून, "तुला हवं असेल तर तू ये, तू तर मराठी ना?"

मी मराठी म्हणून चालते! ज्या मराठ्यांना अडवायला कोलकात्याने १७४२ मध्ये खंदक खणायला घेतला, ज्यांच्या फौजांनी त्याच वर्षी मुर्शिदाबादेत जगत्शेठची पेढी लुटली, ज्या बर्ग्यांचं, म्हणजे मराठा स्वारांचं, नाव इथे अजून अंगाईत येतं, त्यांच्या लेकीला घर आहे. आणि ज्या शहराची ती लूट झाली तिथली, मासीमांचीच भाषा बोलणारी, त्यांच्यासारखंच मासे-भात खाणारी मुलगी दारातून परत. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तुला राग येतोय कारण तू पहिल्यांदा बघते आहेस."

मासीमा खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मनाला खरंच पटत नव्हतं, आणि श्रद्धेने जगणाऱ्या बाईच्या मनाला मी किंमत देते. त्यांच्या ठाकुरघरात कुणी पाऊल टाकावं असा हट्ट कुणीच धरला नव्हता. प्रश्न होता खालच्या मजल्याचा, जो त्यांनी पैसे घेऊन बाजारात ठेवला होता. एका स्वयंपाकघरात राहायचं असतं तर मी त्यांची अडचण समजून घेतली असती. वेगळ्या जिन्यापलीकडे ही अडचण मला मान्य नाही.

कायदा काय म्हणतो? घटनेचं कलम १५(२) सांगतं की दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं यांत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही. म्हणून सप्टेंबर २०२०मध्ये सॉल्ट लेकला काय झालं ते पाहा. मालद्याहून मदरशाचे शिक्षक शिक्षण खात्यातल्या कामासाठी आले होते. खोल्या आधीच ठरवलेल्या. तरी त्यांना गेस्ट हाउसमधून बाहेर काढलं. आजूबाजूच्या लोकांचा आक्षेप आहे, असं कारण आपल्याला सांगितल्याचं शिक्षकांचं म्हणणं होतं. तक्रार झाली, पोलिसांनी अटकही केली. तेच शिक्षक महिनाभरासाठी भाड्याने खोली मागायला गेले असते, तर त्यांना हाकलणाऱ्याचं कुणी काही वाकडं करू शकलं नसतं. एका रात्रीच्या खोलीला घटनेचं संरक्षण आहे. वर्षाच्या खोलीला नाही.

हे मला फार लागतं, कारण त्या कलमामागे कोण उभं होतं ते आपल्याला माहीत आहे. १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाबासाहेब आंबेडकरांना बाहेर काढलं. मग हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही घरात घ्यायची असमर्थता दाखवली, आणि ते सयाजीरावांची नोकरी सोडून मुंबईला परतले. महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही हा प्रसंग ठाऊक असतो. पुढची गोष्ट मात्र आपण कमी सांगतो. १९४६ मध्ये मुंबईतून वाट बंद झाली तेव्हा याच बंगालच्या विधिमंडळाने, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या खटपटीने, त्यांना घटना समितीत पाठवलं. तिथे २९ नोव्हेंबर १९४८ला त्यांनी स्पष्ट केलं की जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो या कलमातल्या दुकानात येतो. या अर्थाने आम्हाला संतोषपूरला नेणारा दलालही दुकानदारच ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हाच व्यापक अर्थ धरून खाजगी शिक्षणसंस्थांना या कलमाखाली आणलं. पण त्याच न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेला फक्त पारशांनाच सभासद करण्याची मुभा दिली होती, आणि घराच्या बाबतीत गाडी तिथेच अडली आहे. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या एका ख्रिस्ती दांपत्याने स्वतः राहत असलेल्या गेस्ट हाउसमध्ये समलिंगी जोडप्याला एक खोली नाकारली. श्रद्धा त्यांचीही खरी होती. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला.

याचा अर्थ धंद्यात श्रद्धेला जागाच नसावी असा मी घेत नाही, आणि त्याला कारण हावडा. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या झोमॅटोच्या मुलांनी संप केला. हिंदू म्हणत होते बीफ पोचवणार नाही, मुसलमान म्हणत होते पोर्क पोचवणार नाही, आणि दोघे एकाच घोषणेखाली उभे होते. दोनच आठवड्यांपूर्वी जबलपूरच्या गिऱ्हाइकाने मुसलमान रायडर नको म्हणून ऑर्डर रद्द केली तेव्हा हीच कंपनी रायडरच्या बाजूने ठाम उभी राहिली होती, आणि ते मला मनापासून आवडलं होतं. हावड्याच्या मुलांना मात्र सांगण्यात आलं की कामाचं स्वरूप असंच आहे. त्या संपातला एक जण अजून आमच्या बाजूला जेवण आणतो. पिशवीतून पिना मारलेलं, वर बिल डकवलेलं पाकीट काढून देता देता म्हणाला, "दर कमी केले त्याचा राग होताच, दीदी. पण आम्ही दोघं आपापसांत ऑर्डर बदलून घेत होतो. गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नव्हतं. तेवढं करू द्यायला काय हरकत होती?" काहीच नव्हती. त्याच्या मनाला जे पटत नव्हतं त्यासाठी कुणाचं जेवण अडत नव्हतं. मासीमांच्या मनाला पटावं म्हणून एका मुलीला रोज पार्क सर्कसहून दोन बस बदलून कामावर यावं लागतं.

'बंगालात काय चाललंय बघा' म्हणत हे पत्र पुढे पाठवायचा मोह कुणाला झालाच, तर सप्टेंबर २०२३ आठवावं. मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली गेली, मराठी माणसांना देत नाही म्हणून. तिचा व्हिडिओ पाहून मी इथे कोलकात्यात रडले होते. मनसेचे कार्यकर्ते धावले, गुन्हा दाखल झाला, अटक झाली. जे झालं ते योग्यच झालं. पण त्याच मुंबईत मुसलमान जोडपी वर्षानुवर्षं असेच जिने उतरत आली आहेत, २०१५ मध्ये हिऱ्यांच्या एका निर्यातदार कंपनीने मुसलमान पदवीधराला आम्ही फक्त बिगरमुस्लिमांनाच घेतो असं ईमेलने कळवलं होतं, आणि तेव्हा आपल्या गल्लीत कुणाची झोप उडाली नव्हती.

मुलुंडनंतर नव्या इमारतींत मराठी माणसासाठी निम्मी घरं राखून ठेवण्याची मागणी आमदार अनिल परब यांनी २०२४ मध्ये अशासकीय विधेयकातून केली. मला त्यापेक्षा साधी गोष्ट हवी आहे: जो घर, गाळा किंवा नोकरी बाजारात ठेवतो, त्याने धर्म, जात, भाषा किंवा ताटातलं जेवण पाहून नाही म्हणायचं नाही, आणि म्हटलं तर दंड भरायचा. मुंबईच्या विधिमंडळात हे एकाने मांडलं, तर इथल्या विधानसभेत मांडायला लावण्यासाठी आम्ही पत्रं घेऊन दारोदार फिरायला तयार आहोत. माझ्या सहकारिणीने मसुदा बंगालीत लिहायला घेतलाही आहे.