जुनी ब्रिटिश ओपन कार गॅरेजला आली, तर कोटेशन कसं द्यायचं?

गॅरेजचा दिवसाचा खर्च कसा काढायचा ते आपण व्हिडिओत पाहिलं. आज तोच हिशोब एका अवघड कामाला लावून बघू. काम आहे जुनी ब्रिटिश गाडी, टप उघडणारी, पुन्हा मूळ रूपात उभी करून देण्याचं.

तुम्ही म्हणाल, कडेगावात असली गाडी कोण आणणार? पण कडेगाव, विटा, कराड या पट्ट्यात ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्यांनी कितीतरी हातांना वेल्डिंग शिकवलंय. डेंटर आहे, पेंटर आहे, लेथवाला आहे आणि जागा पुण्यापेक्षा स्वस्त. त्यामुळे पुण्या-मुंबईचा एखादा हौशी मालक तुमच्या दारात येऊ शकतो. तो पहिल्याच भेटीत विचारणार, "दादा, एकूण किती होतील?" इथे उक्ता आकडा सांगायचा नाही. का, ते गाडीच्या बांधणीवरून कळतं.

ट्रायम्फ हेराल्ड घ्या. ही 1959 साली ब्रिटनमध्ये आली आणि 1961 पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने तीच 'स्टँडर्ड हेराल्ड' नावाने आपल्याकडे बनवली. हिची चासी वेगळी, बॉडी वर बोल्टने बसवलेली. पुढचं बॉनेट मडगार्डसकट अख्खं पुढे उलटतं. बोल्ट काढा, भाग सुटे करा, काय खराब आहे ते समोर दिसतं. एमजीची टीसी किंवा टीडी आली तर मामला वेगळा. चासी लोखंडी, पण बॉडीच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. लाकूड कुजलं असेल तर नवीन पत्रा ठोकून उपयोग नाही, चांगला सुतार लागतो. (एमजीचे शोरूम आता आपल्याकडे आहेत म्हणून सुटे भाग तिथे मिळतील असं समजू नका. नाव तेच आहे, मालक आणि गाड्या वेगळ्या.)

सगळ्यात फसवी म्हणजे मॉरिस मायनर कन्व्हर्टिबल. हिला वेगळी चासीच नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यात वर पक्कं छप्पर नाही, म्हणजे ताकद राहिली दाराखालच्या पेटीत आणि फ्लोअरमध्ये. आणि पाणी साचून गंज नेमका तिथेच धरतो. वरून रंग चकाचक असतो, खाली पेटीत पुट्टी भरलेली. तपासायची सोपी रीत सांगतो. दार बंद ठेवा, दाराची फट बघून घ्या आणि जॅक लावून गाडी थोडी उचला. फट कमी-जास्त झाली, दार अडकायला लागलं, तर गाडी मधून वाकतेय. लगेच खाली घ्या आणि या गाडीचं काम मोठं आहे हे समजून चाला.

अशा गाडीची कुजलेली पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरप्या पाइपचा आधार वेल्ड करावाच लागतो. नाहीतर गाडी मधून बसते आणि नंतर दारं कधीच नीट बसत नाहीत. मोहरमला उंच ताबूत उभारणाऱ्या गावाला सांगाडा सरळ ठेवायची अक्कल मी काय शिकवणार! पण या आधाराचे दोन-तीन दिवस कोटेशनमध्ये धरायला लोक विसरतात.

आता पैशाचं. समजा गॅरेजचा महिन्याचा खर्च असा आहे: भाडं 12,000, दोन कामगार 36,000, लाइट 4,000, तुमचा स्वतःचा पगार 30,000, किरकोळ 8,000. झाले 90,000. जागा तीन गाड्यांची, कामाचे दिवस 25, म्हणजे 75 गाडी-दिवस. एका गाडीच्या जागेचा दिवसाचा खर्च 1,200 रुपये. जुनी गाडी आठ महिने आत राहिली तर 200 दिवस गुणिले 1,200, म्हणजे 2,40,000 रुपये. यात पत्रा, रंग, सुटे भाग, तुमचा नफा काहीच नाही.

बरं, त्या 200 दिवसांत प्रत्यक्ष काम 90 दिवस सुद्धा होत नाही. उरलेले दिवस गाडी पार्सलची, क्रोमवाल्याची, मालकाच्या पैशाची वाट बघत उभी असते. तेवढ्या दिवसांत त्याच जागेत सर्व्हिसिंगच्या किती गाड्या झाल्या असत्या? माझ्या मते असलं काम घेणाऱ्याने आधी मागे पत्र्याचं बंदिस्त शेड करावं. काम असेल तेव्हाच गाडी आत, नसेल तेव्हा शेडमध्ये, आणि शेडच्या उभ्या दिवसांचं वेगळं, कमी भाडं. हे भाडं आधीच लिहून घ्यायचं.

म्हणून पहिलं कोटेशन फक्त तपासणीचं द्या. गाडी खोलणं, प्रत्येक भागाचा फोटो, पिशवीत नट-बोल्ट घालून चिठ्ठी, शेवटी लेखी यादी. याचे पैसे आधी घ्या. मालकाने पुढचं काम दुसऱ्याला दिलं तरी तुमची मजुरी सुटली. त्यानंतर टप्पे: पत्रा आणि सांगाडा, मग इंजिन-ब्रेक, मग वायरिंग, रंग, शेवटी हूड आणि सीट. एका टप्प्याचे पैसे जमा झाल्याशिवाय पुढचा टप्पा उघडायचा नाही. एमजी आणि मॉरिसचे बरेच भाग ब्रिटनमध्ये आजही नवे बनतात, पण ते मालकाच्याच नावाने, मालकाच्याच कार्डावर मागवा. तुमचं भांडवल कस्टममध्ये अडकता कामा नये.

हत्यारांचा खर्चही आहे. आपले पाने मिलिमीटरचे, या गाड्यांचे नट इंचातले. जुन्या मिस्त्रींना विचारा, ते 'साडेतीन सूत' म्हणतात तो 7/16 इंचाचा पाना लागतो. काही गाड्यांना व्हिटवर्थचा संच वेगळाच लागतो. बॅटरी लावताना जास्त जपा. 60च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो, मायनस नव्हे.

कागदाचं तर काम घेण्याआधीच बघा. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, स्वतःच्या वापराची गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीचं शुल्क 20,000, पुनर्नोंदणीचं 5,000 रुपये. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी बसत नाही. हेराल्डचं छप्पर बोल्टवर असतं, त्यामुळे "काढून ओपन करून द्या" म्हणणारे भेटतात. जीपसारखं डिझेल इंजिन बसवा म्हणणारेही भेटतात. बदल केला की मालकाची व्हिंटेज नोंदणी अडचणीत येते आणि वाद तुमच्या दारात येतो. आरसी बुकाशी चासी नंबर, इंजिन नंबर जुळवूनच गाडी आत घ्या.

आणि उधारी. भारतीय करार कायदा, 1872, याच्या कलम 170 प्रमाणे कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवायचा हक्क आहे. तुमच्या कामाच्या गाडीलाही तो लागू होतो. पण तुम्हीच कबूल केलंत, "गाडी न्या, पैसे ऊस बिल आल्यावर द्या," तर गाडी अडवता येत नाही. कायद्यातच शिंप्याचं उदाहरण आहे: तीन महिन्यांची उधारी कबूल केलेल्या शिंप्याला कोट अडवून ठेवता येत नाही. शिवाय हा हक्क ताब्यात ठेवण्याचा आहे, गाडी विकून पैसे वसूल करण्याचा नाही.

शेवटी पेट्रोल. आपल्या भागातल्या उसाचं इथेनॉल आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची सीलं त्यासाठी बनलेली नव्हती, ती फुगतात, गळतात. इथेनॉल ओलावाही ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉल चालणारे पाइप टाकल्याची बिलावर वेगळी ओळ लिहा, आणि गाडी देताना मालकाला सांगा की लांब उभी करायची असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.