पॅटर्नमधलं टिंब, छापलेला स्वल्पविराम

जर्मनीत रक्कम 1.234,56 अशी लिहितात. जावात ती तशी छापायची असेल, तर पॅटर्नही «#.##0,00» असाच द्यावा लागतो, हा सर्रास आढळणारा गैरसमज. डेसिमलफॉरमॅटच्या कन्स्ट्रक्टरला किंवा अप्लायपॅटर्न या मेथडला दिलेल्या पॅटर्नमध्ये टिंब म्हणजे दशांशचिन्ह आणि स्वल्पविराम म्हणजे गट पाडणारं चिन्ह, मग लोकेल कुठलंही असो. पॅटर्न «#,##0.00» हाच ठेवायचा. छापताना कोणतं चिन्ह उमटेल, ते डेसिमलफॉरमॅटसिम्बॉल्स ठरवतो. इथे जर्मन धाटणीचा पॅटर्न दिलात, तर प्रोग्राम एक्सेप्शन फेकतो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: परदेशी ग्राहक असले की अप्लायलोकलाइज्डपॅटर्न वापरणंच बरोबर. ही मेथड पॅटर्नच स्थानिक चिन्हांनी वाचते. जर्मन लोकेलमध्ये तिला «0.00» द्या. तिथे टिंब गट पाडतं, म्हणून दोन-दोन अंकांचे गट पडतात आणि अपूर्णांक उरतच नाही. 1234.56 ही रक्कम 12.35 अशी छापली जाते. एक्सेप्शन नाही, इशारा नाही, आणि बिल चुकलेलं! वापरकर्ता स्वतःच्या सवयीच्या चिन्हांत पॅटर्न टाइप करणार असेल, तेव्हाच ही मेथड कामाची. कोडमध्ये लिहिलेल्या पॅटर्नसाठी ती वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकेल बदलल्याने फक्त टिंब आणि स्वल्पविराम बदलतात, असंही नाही. जावा 9 पासून लोकेलची माहिती मुळात सीएलडीआर या संग्रहातून येते आणि त्यात मराठीचे अंक देवनागरी आहेत. त्यामुळे मराठी लोकेलमध्ये «#,##0.00» ने 1234567.5 छापलं की १,२३४,५६७.५० मिळतं. अप्लायलोकलाइज्डपॅटर्न वापरलीत, तर पॅटर्नमधलं शून्यही देवनागरी लागतं: «#,##०.००».

वरच्या उत्तरात लाख कुठे गेले? मराठी लोकेल दिलं की १२,३४,५६७ आपोआप मिळेल, हीही समजूत चुकीची. «#,##,##0.00» लिहूनही उपयोग नाही, कारण जावाचा डेसिमलफॉरमॅट शेवटच्या स्वल्पविरामानंतरचं अंतर तेवढं धरतो आणि तेच सगळीकडे लावतो. लाख-कोटींचे गट हवे असतील, तर आयसीयूफोरजे या लायब्ररीतला त्याच नावाचा क्लास घ्या. त्याला हा पॅटर्न नीट समजतो.