मोडीतले शिसे आणि घरातले मूल

सोलापूरहून विजापूर-गदगकडे जाणारा लोहमार्ग जेथे वाडीच्या मार्गापासून वेगळा होतो, ते होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील जंक्शन. याच गावाचे नाव मिरवणाऱ्या होटगी रस्त्यावर सोलापूरचे विमानतळ आहे आणि औद्योगिक वसाहतही आहे. मालमोटारी, ट्रॅक्टर आणि घरोघरचे इन्व्हर्टर यांच्या अशा टापूत निकामी बॅटऱ्यांना तोटा नसतो. त्यांच्या जोडीला चाकांचा तोल साधणारी वजने, जुन्या केबलची आवरणे आणि बंद पडलेल्या छापखान्यांतले खिळे. या सर्वांत शिसे असते, आणि मोडीच्या बाजारात शिशाला भाव असतो.

लोखंड वितळवायला मोठी भट्टी लागते. शिशाला घरची चूल पुरते. अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला ते पाण्यासारखे होते. ही सोयच घातक आहे. परसात तीन दगड मांडून, जुन्या कढईत शिसे वितळवून त्याच्या लाद्या पाडणे हा चार पैसे मिळवण्याचा निरुपद्रवी उद्योग वाटतो. त्या व्यवहाराचा ताळेबंद एकदा नीट मांडून पाहिला पाहिजे.

दिसणारा धोका आणि न दिसणारा

पहिला धोका डोळ्यांना दिसतो. ओलसर तुकडा वितळलेल्या शिशात पडला तर त्यातील पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि तप्त धातू उसळून तोंडावर, डोळ्यांत उडतो. बॅटरी फोडताना सांडणारे गंधकाम्ल कातडी भाजते आणि जमिनीत शिसेही मुरवते. ग्रीस, रंग आणि प्लॅस्टिक लागलेली मोड तापली की विषारी धूर होतो.

याहून मोठा धोका काम संपल्यावर सुरू होतो. वितळलेल्या शिशावर राखेसारखी मळी जमते. ती खरडून काढताना बारीक धूळ उडते. आच जितकी वाढेल तितकी वाफही वाढते आणि हवेत गार होऊन पुन्हा धूळच बनते. बॅटरीच्या पट्ट्यांवरचा लगदा तर मुळातच शिशाच्या संयुगांचा असतो. वाळला की त्याची भुकटी होते. ही धूळ हातांना, केसांना, कपड्यांना चिकटून उंबरठा ओलांडते आणि अंथरुणावर, धान्याच्या डब्यांवर, रांगत्या बाळाच्या तळहातांवर पोहोचते. तिला वास नसतो, चवीवरूनही ती ओळखू येत नाही.

मुलांच्या खाती पडणारा खर्च

पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निरपाय म्हणावे असे शिशाचे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही. मेंदूची वाढ, आकलन, एकाग्रता आणि श्रवण यांवर त्याचा परिणाम होतो. रक्तक्षय, पोटदुखी, बद्धकोष्ठता अशी लक्षणे दिसली तरी ती इतर दहा कारणांची वाटतात. हाडांत साठलेले शिसे वर्षानुवर्षे राहते आणि गर्भारपणात पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत जाते. औषधांनी रक्तातील शिसे कमी करता येते. बुद्धीची झालेली हानी भरून निघत नाही.

सेनेगल देशाच्या डाकार शहराजवळील थियारोये-सुर-मेर या वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली. तेथे बॅटऱ्यांतील शिसे काढण्याचे काम चाले. भाव वाढताच दूषित मातीतून शिशाचे कण चाळण्याचे काम बायका करू लागल्या आणि ती माती घरातही आली. त्या मातांना विष पेरायचे नव्हते, संसाराला हातभार लावायचा होता.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगार आणि चांदीचे दागिने घडवणारे कारागीर यांच्यावरील संशोधन २००६-०७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांच्या रक्तात शिशाचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त आढळले आणि रक्तनिर्मितीच्या क्रियेत अडथळा दिसला. २००० साली देशभरात पेट्रोलमधून शिसे हद्दपार झाले, तरी मोडीतून ते घरात येतच आहे.

तोंडाला रुमाल, वर गुळाचा खडा

धुळीच्या कामानंतर गूळ खाल्ला, दूध प्यायले की बाधत नाही, असा समज आहे. आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असेल तर शिसे कमी शोषले जाते, हे खरे. पण ते चिलखत नव्हे. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. उघड्यावर काम केल्याने धूर पांगतो, धूळ मात्र अंगणातच उरते.

म्हणून घरात किंवा घराजवळ शिसे वितळवू नये, हाच एक नियम. निकामी बॅटरी न फोडता, आम्ल न ओतता विक्रेत्याकडे द्यावी. नवी घेताना जुनीचे पैसे वळते होतात, आणि त्या किमतीत शिशाचे मोल धरलेलेच असते. वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता संकलन किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे सोपवणे हे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ग्राहकाचे कर्तव्यही आहे.

पूर्वी असे काम झाले असेल तर ती जागा कोरडी झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी. तेथील उघडी माती झाकावी, मुलांना तेथे खेळू देऊ नये. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. ती कढई स्वयंपाकघरात कदापि परत आणू नये. मुलांच्या आणि गर्भवतीच्या रक्तातील शिशाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्यावी. दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन आहे.

लादी विकून आलेली रक्कम त्याच दिवशी हातात पडते. खर्च मात्र अनेक वर्षांनी, शाळेच्या प्रगतिपुस्तकात उमटतो, आणि तेव्हा तो कशाचा हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.