हातातले लिनक्स खेळयंत्र घेण्यापूर्वी

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक हे खेळयंत्र आर्च लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीवर चालत असून, विंडोजसाठी रचलेले बहुसंख्य खेळ ‘प्रोटॉन’ या सुसंगतता साधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने त्यावर चालतात, तथापि लबाडी रोखणारी व्यवस्था असलेले फोर्टनाइटसारखे काही ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीत, म्हणून आपल्या आवडीच्या खेळाची खातरजमा आधी करावी. कंपनी भारतात अधिकृत विक्री करीत नसल्यामुळे नांदेड-लातूरच्या गिऱ्हाइकास आयात मालावरच विसंबावे लागते, आणि दुरुस्तीची लेखी हमी व जीएसटीची पावती दप्तरी नसल्यास, माझ्या मते, हा व्यवहारच करू नये. शिवाय कंपनीने सुचविलेली सभोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंशांची आहे. नांदेडचा मे महिना चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून दुपारी उकाड्यात यंत्र चालवू नये.