कोंकणचीं जुनीं बंदरें आणि आपण

गेल्या वर्षीं भूगोलाचा तास चालू असतां आम्ही फळ्यावर कोंकणचा किनारा काढीत होतों. खाड्या, नद्यांचीं मुखें आणि बंदरें यांचीं नांवें लिहून होतांच शेवटच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें हात वर केला व विचारलें, "सर, आपल्या कळंबास समुद्र कोठें आहे? हीं नांवें पाठ करून आपला काय उपयोग?" वर्गांत हशा पिकला. आम्हांस मात्र हसूं आलें नाहीं, कारण प्रश्न मनापासून विचारलेला होता. मांजरेच्या कांठीं वाढलेल्या, आणि यंदा पाऊस पडेल कीं नाहीं, धरण भरेल कीं नाहीं, हेंच घरींदारीं ऐकणाऱ्या मुलास समुद्राचें खारें पाणी परकें वाटावें, यांत नवल तें काय? त्या दिवशीं तासाचीं दहाच मिनिटें उरलीं होतीं. त्यामुळें जें उत्तर अपुरें राहिलें, तें येथें सविस्तर देत आहों.

या उत्तराचा आरंभ समुद्रापासून नव्हे, तर आपल्याच जिल्ह्यांतील तेर गांवापासून करावा लागतो. संत गोरोबाकाकांचें गांव म्हणून तेर आपणां सर्वांस परिचित आहे. तेरणेच्या कांठच्या या गांवाचें प्राचीन नांव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत 'पेरिप्लस' नांवाचें पुस्तक लिहिलें. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंत कोणतें बंदर कोठें आहे व तेथें कोणता माल मिळतो, याची माहिती त्यांत आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें नगर आहे, आणि तेथून साधें कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून बिकट मुलुखांतून भडोच बंदरास जाते, असें तो लेखक सांगतो. हें तगर म्हणजे आपलें तेर होय, असें फ्लीट या विद्वानानें १९०१ मध्यें प्रतिपादन केलें व तें पुढें मान्य झालें. तेरच्या संग्रहालयांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति ज्यांनीं पाहिली असेल, त्यांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, तिच्याशीं फार साम्य असलेली एक मूर्ति इटलींतील पाँपेई नगरांत सांपडली आहे. आणि तें नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील विणकराचा समुद्राशीं संबंध सुमारें दोन हजार वर्षांचा आहे.

आतां बंदर कसें बनतें तें पाहूं. सह्याद्रीवरून पश्चिमेस उतरणाऱ्या नद्या आंखूड व वेगवान आहेत. त्या समुद्रास मिळतात तेथें भरतीचें पाणी आंत शिरून खाडी तयार होते. खाडींत लाटांचा मारा कमी असल्यामुळें जहाजें निर्धास्त उभीं राहतात. परंतु नुसत्या खाडीनें बंदर होत नाहीं. खाडीच्या माथ्यावर घाट असावा लागतो, घाटापलीकडे कापूस, धान्य व कापड पिकविणारा देश असावा लागतो, आणि वाटेंत तांड्यांस अभय देणारें राज्य असावें लागतें. या तिहींपैकीं एक जरी तुटलें तरी बंदर बसतें. पेरिप्लसच्याच काळीं कल्याण बंदराची अशी दशा झाली होती. तेथें चुकून शिरलेलें ग्रीक जहाज पहाऱ्यांत भडोचास नेलें जाई. मग कल्याणास माल कोण आणणार?

या नियमाचें उत्तम उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्यांतील चौल. कुंडलिका नदीच्या मुखाशीं नारळी-पोफळींच्या वाड्यांत आज हें गांव शांतपणें पहुडलेलें दिसतें. पेरिप्लसमध्यें 'सेमुल्ला' या नांवानें आलेलें बंदर तें हेंच, असें बहुतेक विद्वान मानतात. इ. स. ९१६ च्या सुमारास अल्‌ मसूदी हा अरब प्रवासी येथें आला, तेव्हां येथें सुमारें दहा हजार मुसलमान नांदत होते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्यांत ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले पुष्कळ होते. पुढें १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी विकण्यासाठीं एक घोडा घेऊन चौलास उतरला. घाट चढून तो जुन्नरास गेला आणि तेथून बहामनी राज्याची राजधानी बिदर येथें पोंचला. कळंबावरून वाहणारी आपली मांजरा पुढें त्याच बिदरच्या मुलुखांतून जाते. वास्को द गामा हिंदुस्थानांत येण्यापूर्वी सुमारें पंचवीस वर्षें हा मनुष्य आपल्या दख्खनच्या वाटा तुडवीत होता. मायदेशीं आपल्या गांवीं पोंचण्यापूर्वीच तो वारला, परंतु त्याचें प्रवासवर्णन उरलें. रेवदंडा येथें त्याचें स्मारक उभारलेलें आहे.

चौलच्या शेजारीं, खाडीच्या अगदीं मुखावर, रेवदंड्यास पोर्तुगीझ लोकांनीं १५२१ मध्यें किल्ला बांधण्यास आरंभ केला. त्यापूर्वी १५०८ मध्यें येथेंच झालेल्या आरमारी लढाईंत पोर्तुगीझ व्हाइसरॉयचा पुत्र लोरेंसो द आल्मेदा मारला गेला होता. १५७०-७१ मध्यें अहमदनगरच्या निजामशहानें चौलास मोठा वेढा घातला. पण समुद्राची वाट मोकळी राहिल्यामुळें शहर टिकलें. शेवटीं मराठ्यांनीं १७३९ मध्यें वसई जिंकल्यावर पुढील वर्षीं चौलही त्यांच्या हातीं आलें. तथापि तोंवर चौलचें वैभव ओसरूं लागलें होतें. खाडींत गाळ सांचत होता, जहाजें आकारानें मोठीं होत होतीं आणि १६६८ मध्यें इंग्रज कंपनीच्या ताब्यांत आलेली मुंबई खोल पाण्याच्या बळावर सर्व व्यापार आपणांकडे ओढीत होती. आज रेवदंड्याचा भग्न तट, सातखणी बुरूज व पडक्या भिंतींवर वाढलेलीं झाडें एवढेंच दिसतें. ज्या ठिकाणीं अरबी घोडे उतरत, तेथें आतां कोळी बांधवांचीं जाळीं वाळत पडलेलीं असतात.

असें दैव केवळ आपल्याकडील बंदरांचेंच आहे असें नाहीं. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ब्रूआज नांवाचें एक तटबंदीचें गांव आहे. १५५५ मध्यें वसलेलें हें गांव मिठाच्या व्यापारानें भरभराटीस आलें. कानडा देशांत क्वेबेक शहर वसविणारा शांप्लें हा याच गांवचा मानला जातो. पुढें तेथेंही गाळ भरला, समुद्र मागें हटला, आणि आज तें बंदर दलदलीच्या कुरणांत कोरडें उभें आहे. फरक इतकाच कीं, तेथील लोकांनीं तट दुरुस्त करून गांव जतन केलें, व दूरदूरचे लोक तें पाहावयास जातात. चौलासही तसे दिवस येणें अशक्य नाहीं.

जीं बंदरें लढाईसाठीं बांधलीं गेलीं त्यांची गोष्ट निराळी. मुरूडजवळचा जंजिरा घ्या. आफ्रिकेंतून आलेल्या सिद्दींनीं तो असा राखला कीं, शिवाजी महाराजांच्या व संभाजी महाराजांच्या प्रयत्नांसही तो दाद देईना. १६८२ मध्यें संभाजी महाराजांनीं मध्यली खाडी दगडांनीं भरून काढण्याचा उद्योग आरंभिला होता! सिद्दींचें संस्थान १९४८ मध्यें विलीन झालें. राजपुरीहून शिडाच्या होडींतून जातांना किल्ल्याचें द्वार अगदीं जवळ जाईपर्यंत दिसत नाहीं. त्याच्या उत्तरेस समुद्रांत महाराजांनीं बांधविलेला पद्मदुर्ग दिसतो. दक्षिणेस मालवण येथें २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं महाराजांनीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. पायाच्या दगडांत शिसें ओतण्यांत आलें. चोहोंकडे खारें पाणी असतां आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींस गोडें पाणी लागतें. याचें कारण असें कीं, पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून मुरतें आणि खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्याच्यावर थर करून राहतें. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांनीं ह्या विहिरी अवश्य पाहाव्या. पडलेलें पाणी जपून मुरविलें तर समुद्रांतसुद्धां तहान भागते.

समुद्रानें माल आणला, तशीं माणसेंही आणलीं. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांतून आपले पूर्वज वांचले, असें बेने इस्राएल लोक परंपरेनें सांगतात. तेल गाळण्याचा धंदा करणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे हे लोक 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशांत गेलीं, पण घरांत मराठी घेऊन गेलीं. रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या पलीकडील कोर्लई गांवांत अद्यापि पोर्तुगीझ व मराठी यांच्या मिश्रणांतून झालेली एक बोली ऐकूं येते. तिचे बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात. एखादें बंदर बुजलें, राज्य गेलें, तरी बोली चारशें वर्षें टिकते, हें आम्हांस किल्ल्यांहूनही अधिक विस्मयकारक वाटतें.

केवळ विश्रांतीसाठीं समुद्रकिनारीं जाण्याची चाल मात्र अलीकडची आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत रसेल नांवाच्या डॉक्टरानें समुद्रस्नानाचे गुण वर्णिले आणि ब्रायटन हें कोळ्यांचें गांव श्रीमंतांचें विश्रामस्थान झालें. फ्रान्समध्यें १८२० नंतर राजघराण्यांतील एक स्त्री द्येप येथें स्नानास जाऊं लागतांच त्या बंदरासही तसेंच महत्त्व आलें. आपल्याकडे अलिबाग, मुरूड, हर्णे, गुहागर, मालवण इत्यादि ठिकाणें आतां याच वाटेनें चाललीं आहेत; सिंधुदुर्ग हा तर १९९७ मध्यें पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पाहुण्यांमुळें गांवांत पैसा येतो हें खरें. परंतु पाहुण्यांनीं टाकलेला कचरा, वाळूवरून दामटलेल्या मोटारी व किल्ल्यांवर कोरलेलीं नांवें हींही त्यांच्याबरोबरच येतात. शिवाय तेथील माणसांचें जिणें आपण समजतों तितकें सुखाचें नाहीं. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळानें अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या भागांतील नारळी-पोफळी एका दुपारींत आडव्या केल्या. माड पुन्हां लावून फळास येण्यास कैक वर्षें लागतात. आपल्याकडे गारपिटीनें उभें पीक जातें. तें दुःख ज्यास ठाऊक आहे, त्यास वाडीवाल्याचें दुःख निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या भागांतील मुलें विहिरींत पोहणारीं. त्यांस समुद्र म्हणजे मोठी विहीर वाटते. हा भ्रम प्राणघातक आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याच्या एका महाविद्यालयांतून मुरूडास सहलीस आलेले अनेक विद्यार्थी बुडून मरण पावले. ओसरत्या पाण्याची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यासही आवरत नाहीं. म्हणून भरती-ओहोटीचें गणित प्रत्येकानें शिकावें. दिवसांतून दोनदां भरती व दोनदां ओहोटी होते, आणि भरतीची वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें जाते. कोंकणांतील लोकांचा साधा हिशेब असा : पंचांगांतील तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, जो अंक येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास पाणी फार चढतें व फार उतरतें, त्यास उधाण म्हणतात; अष्टमीच्या सुमारास चढउतार थोडा, त्यास भांग म्हणतात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यांत ओहोटीस पायीं जातां येतें, पण परतण्यास उशीर झाला तर वाट पाण्याखालीं जाते. तेव्हां हा हिशेब केला तरी तेथील कोळी बांधवांस विचारल्याखेरीज एक पाऊलही पाण्यांत टाकूं नये. त्यांचा शब्द पंचांगाहून मोठा मानावा.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलांस समुद्र दाखविण्याचा योग येईल तेव्हां प्रथम त्यांस तेर दाखवा. तेथील संग्रहालयांतील मूर्ति व नाणीं पाहून झाल्यावर मग चौल-रेवदंड्याच्या पडक्या तटावर त्यांस उभें करा. ज्या वाटेनें आपल्या मुलुखांतलें कापड गेलें, तिचीं दोन्हीं टोकें पाहिलेल्या मुलास बंदरांचीं नांवें घोकावीं लागणार नाहींत. शेतकऱ्यानें कापूस पिकविला, विणकरानें विणला, तांड्यानें वाहिला, तेव्हां कोठें बंदर गजबजलें. आणि बंदर बुजलें तेव्हां त्याची झळ तेथपासून येथवर लागली असली पाहिजे.

ज्या विद्यार्थ्यानें तो प्रश्न विचारला, तो यंदा दहावींत आहे. अलिबागच्या सहलीचा विचार निघाला तेव्हां घरचें पंचांग काखोटीस मारून तोच प्रथम आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, षष्ठीस गेलों तर भरती साडेचारांस, म्हणजे सकाळीं साडेदहांस किल्ल्यांत जाऊन दुपारच्या आंत परत यावयास हवें. पण कोळ्यांस विचारूनच."