ससा, कासव आणि तीन हजार फेरे

बागेत गवत कापायचं यंत्र तुम्ही पाहिलंच असेल. त्यातलं जरा महागाचं यंत्र ढकलावं लागत नाही. दांड्यावरची पट्टी दाबली की ते स्वतःच चालू लागतं आणि माळीकाका नुसते त्याच्या मागून चालतात. आता त्याच्या दांड्याजवळ नीट बघा. एका छोट्या खटक्याशेजारी दोन चित्रं दिसतील. एका टोकाला ससा आणि दुसऱ्या टोकाला कासव! भाषा येवो न येवो, कोणालाही कळावं म्हणून ही युक्ती. खटका सशाकडे नेला की इंजिन जोरात, कासवाकडे नेला की हळू.

तुम्ही म्हणाल, म्हणजे स्कूटरच्या ॲक्सिलरेटरसारखंच की! इथेच सगळे फसतात.

जुन्या स्कूटरची मूठ पिळली की वायर थेट कार्बुरेटरमधली झडप उघडते. चढ आला की चालवणारा आणखी पिळतो, उतार आला की सोडतो. गवताच्या यंत्रात मात्र खटका झडपेला थेट हातच लावत नाही. तो फक्त एक स्प्रिंग ताणतो. ही स्प्रिंग झडप उघडायला बघते आणि दुसरीकडून एक गडी ती मिटायला बघतो. त्या गड्याचं नाव गव्हर्नर. राज्याचे राज्यपाल नव्हेत, बरं का! पण शब्दाचं मूळ एकच. जहाजाचं सुकाणू धरणारा, असा त्याचा जुना अर्थ.

जत्रेतला साखळ्यांचा गोल पाळणा आठवा. वेग वाढला की पाळणे बाहेर फेकले जातात आणि वेग कमी झाला की खाली येतात. इंजिनाच्या पोटात अशीच दोन लहानशी वजनं फिरत असतात. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर जातात आणि एका दांडीमार्फत झडप थोडी मिटवतात. मंदावलं की आत येतात, मग स्प्रिंग जिंकते आणि झडप उघडते. काही इंजिनांत वजनांऐवजी पंख्याच्या वाऱ्याने हलणारं एक पातळ पान असतं, काम मात्र तेच.

म्हणून यंत्र दाट गवतात शिरलं की क्षणभर आवाज दबतो आणि लगेच ‘घुर्रर्र’ करून सावरतो. माळीकाकांनी काहीच केलेलं नसतं. झडप त्या गव्हर्नरने उघडलेली असते.

आता हिशेब करू. पात्याची लांबी ५३ सेंटिमीटर धरा, बऱ्याच यंत्रांत ती एवढीच असते. म्हणजे त्याचं टोक एका फेरीत साधारण १६६ सेंटिमीटर जातं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर टोक मिनिटात गेलं जवळजवळ ५ किलोमीटर! तासाला ३००! राजधानी एक्सप्रेस कुठल्या कुठे मागे पडली.

एका सोसायटीतल्या माळीकाकांना हाही वेग कमी वाटला. त्यांनी स्प्रिंगची पट्टी पकडीने जराशी वाकवली, कापणं लवकर उरकावं म्हणून. दुपारी पात्याखाली आलेला एक खडा कुंपणापार उडाला आणि उभ्या स्कूटरच्या पत्र्याला खळगा पाडून गेला. तिथे रोज मुलं क्रिकेट खेळायची. त्या दिवशी परीक्षा होती म्हणून कोणी नव्हतं. ३००० चे ३६०० फेरे केले, तर वेग वाढतो सव्वापटीहून कमी, पण पातं फाडू पाहणारा ओढ वाढतो जवळजवळ दीडपट. वेगाच्या वर्गाने वाढतो ना तो!

मग वेग लावतात कसा? जाणकार मेकॅनिक आधी इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून गरम करतो, कारण थंड इंजिन खोटं सांगतं. मग यंत्र सपाट, मोकळ्या जागेवर ठेवून स्पार्क प्लगच्या जाड वायरीला फेरे मोजणाऱ्या मीटरची तार गुंडाळतो. खटका कासवावर ठेवून कार्बुरेटरचा एक स्क्रू आणि सशावर ठेवून दुसरा अडसराचा स्क्रू, असे दोन्ही आकडे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे जुळवतो. कानाने नाही, मीटरने! आणि पात्याजवळ हात न्यायचा तर आधी इंजिन बंद आणि प्लगची वायर काढलेली. तुम्ही मात्र हे लांबूनच बघा.

आणखी एक चूक सर्रास होते. यंत्र फार भरभर पळतंय म्हणून लोक खटका कासवाकडे नेतात. चाकं हळू होतात खरी, पण पातंही हळू होतं! मग गवत कापलं न जाता चिंध्या होऊन फाटतं आणि दोन दिवसांत शेंडे पिवळे पडतात. ज्या यंत्राला चाकांच्या वेगासाठी वेगळा खटका असतो, त्यात तोच वापरायचा. इंजिन आपलं सशावरच.

आता चला एकलहऱ्याला. नाशिक रोडहून जाताना औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी लांबूनच दिसू लागतात. इथे १९७० च्या सुमाराला १४० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले, ते पुढे निवृत्त झाले. १९७९ ते १९८१ मध्ये २१० मेगावॉटचे तीन संच आले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं आणि टर्बाइनने जनित्र. ही टर्बाइन किती फेरे घेतात, ओळखा पाहू? मिनिटाला ३०००!

हा मात्र योगायोग. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे ५० हर्ट्झची. दोन ध्रुवांचं जनित्र एका फेरीत एक आवर्तन देतं. सेकंदाला ५० फेरे, म्हणून मिनिटाला ३०००. गवताच्या यंत्राला दोन-तीनशे फेरे इकडेतिकडे चालतात, टर्बाइनला नाही.

फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला बसवला. कल्पना पिठाच्या गिरण्यांमधून उचललेली. काही गव्हर्नर मात्र वेग धड स्थिर ठेवीनात, इंजिन सारखं वर-खाली करी. असं का होतं, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. जुन्या टर्बाइनवरही असेच गोळे फिरायचे. आता ते काम बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स करतं. शिवाय वेग सुमारे दहा टक्क्यांनी वाढलाच, तर वाफ एका झटक्यात तोडणारी वेगळी सोय असते. एवढं मोठं चाक सुटलं तर खड्यावर भागणार नाही!

एकलहऱ्याचं टर्बाइन एकटं फिरत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर तारमार्गाने दक्षिणेचं जाळं बाकीच्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून सगळ्या देशाच्या वीज केंद्रांची जनित्रं एका तालात फिरतात. संध्याकाळी घरोघर दिवे आणि पंखे लागले की सगळी मिळून किंचित मंदावू बघतात, जणू दाट गवत आलं! मग गव्हर्नर वाफेची झडप उघडतो.

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता उलटं घडलं. करोनाच्या दिवसांत देशभर लोकांनी नऊ मिनिटं दिवे मालवले. काही मिनिटांत विजेची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटनी घटली. एकलहऱ्यासारखी जवळजवळ पन्नास केंद्रं! गवत एकदम संपलं आणि पातं मोकळं फिरू लागलं, तसंच हे. पाण्यावरची वीज केंद्रं झटपट कमी-जास्त करता येतात, म्हणून मोठा भार त्यांनी पेलला. त्या वेळात देशाची वीज ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झच्या मध्ये राहिली. टर्बाइनच्या भाषेत सांगायचं तर मिनिटाला २९८२ ते ३०१६ फेरे.